आई-बाबा दाराबाहेर, मुलं आत : संग्रहालयातल्या चित्रकला कार्यशाळा नेमक्या कशा चालतात?

पाच-सहा वर्षांचं मूल घरी चित्र रंगवत बसलंय. शेजारी आई आहे. मूल झाडाला जांभळा रंग द्यायला घेतं. "अगं, झाडं हिरवी असतात ना?" आई सहज म्हणते. मूल थांबतं, आईकडे बघतं आणि हिरवा खडू उचलतं.

बहुतेक घरांमध्ये हे कधी ना कधी घडलेलं असतं. आईचा हेतू चांगलाच असतो. चित्रही 'बरोबर' होतं. पण त्या चित्रातला एक निर्णय मुलाच्या हातून निघून आईच्या हातात गेलेला असतो.

हे होऊ नये म्हणून न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयानं मुलांच्या कला विभागासाठी एक खास दार बनवलं होतं. त्या दारात दोन मुलांच्या आकृत्या कापलेल्या होत्या. एक चार वर्षांच्या मुलाच्या उंचीची, दुसरी बारा वर्षांच्या मुलाच्या उंचीची. त्या आकारातून जो आत जाऊ शकेल, त्यालाच प्रवेश. आई-बाबा अर्थातच बाहेर.

आज जगभरातल्या संग्रहालयांत मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी रंगकाम, मातीकाम, कोलाज यांचे वर्ग भरतात. सुट्टीत मुंबई-पुण्यातही अशा कार्यशाळांच्या जाहिराती सोशल मीडियावर दिसतात. पण मुलांच्या हातात रंग द्यायला संग्रहालयच कशाला हवं? घराजवळचा ड्रॉइंग क्लास आणि ही कार्यशाळा यात फरक काय? आणि त्याचा मुलांना खरंच काही उपयोग होतो का? समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

लहान मुलांच्या चित्रांकडे 'चित्र' म्हणून बघायची कल्पना तशी फार जुनी नाही. १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक या शिक्षकानं मुलांसाठी खास कलावर्ग सुरू केला. त्या काळी शाळेत चित्रकला म्हणजे समोरची आकृती हुबेहूब उतरवणं. चिझेकचं म्हणणं वेगळं होतं. मुलांची चित्रं ही मोठ्यांच्या चित्रांची कच्ची नक्कल नसते, तिला तिचे स्वतःचे नियम असतात, असं तो मानायचा.

हा विचार संग्रहालयात मोठ्या प्रमाणावर राबवला तो व्हिक्टर डामिको यांनी. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्येच जन्मलेले डामिको शाळेत कलाशिक्षक होते. १९२९ मध्ये सुरू झालेल्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट' या संग्रहालयात, म्हणजे आज सगळे ज्याला 'मोमा' म्हणतात तिथे, ते १९३७ मध्ये आले. पुढे तिथल्या शिक्षण विभागाचे ते पहिले संचालक झाले आणि १९६९ पर्यंत त्यांनी तिथे काम केलं.

तोपर्यंत संग्रहालयातलं शिक्षण म्हणजे मुलांची रांग, पुढे मार्गदर्शक आणि 'हात लावू नका'ची पाटी. डामिकोंनी हे उलटं केलं. मुलाला कला कळायची असेल, तर आधी त्याच्या हातात साहित्य द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९४२ मध्ये त्यांनी मोमामध्ये मुलांसाठी एक उत्सव भरवला. हाच उपक्रम पुढे 'चिल्ड्रन्स आर्ट कार्निव्हल' या नावानं ओळखला जाऊ लागला आणि अनेक वर्षं भरत राहिला. सुरुवातीला सांगितलेलं ते दार याच कार्निव्हलचं.

दारातून आत गेल्यावर काय असायचं?

कार्निव्हलचे दोन भाग होते.

पहिल्या भागात मंद उजेड असायचा. तिथे कलाकारांनी आणि डिझायनर्सनी खास बनवलेली खेळणी मांडलेली असायची. कुठे चित्रविचित्र प्राणी, कुठे हलणारे आकार, कुठे रंग आणि प्रकाशाशी खेळायची साधनं. मुलांनी ती हाताळायची, फिरवायची, ओढायची. या खेळण्यांमध्ये चित्र काढायला 'विषय' दिलेला नसायचा. रंग, पोत, आकार आणि हालचाल या गोष्टी मुलाच्या अंगात उतराव्यात, एवढाच हेतू.

तिथे मन रमलं की मूल दुसऱ्या, लख्ख उजेडाच्या भागात यायचं. इथे मुलांच्या उंचीचे इझल, टेबलं आणि भरपूर साहित्य असायचं. रंग, ब्रश, रंगीत कागद, पिसं, टिकल्या, तारा. चित्र काढायचं की कोलाज करायचं की काहीतरी उभं करायचं, हे मुलानं ठरवायचं.

शिक्षक हजर असायचे, पण 'असं काढ' असं सांगायला नाही. डामिकोंच्या पद्धतीत शिक्षकाचं काम अवघड होतं. मूल अडलं तर त्याला मदत करायची, पण त्याच्या वतीनं ठरवायचं नाही. म्हणजे तारेचा घोडा उभा राहत नसेल, तर तार कशी पिळली की ती तोल धरते, हे दाखवायचं. घोडा कसा दिसायला हवा, हे मात्र सांगायचं नाही. तंत्र शिकवायचं ते गरज पडेल तेव्हा आणि गरजेपुरतं.

हा फरक छोटा वाटतो. पण संग्रहालयातल्या चांगल्या कार्यशाळा आजही याच फरकावर उभ्या आहेत.

मग आई-बाबांचं काय?

डामिको पालकांच्या विरोधात होते, असा याचा अर्थ नाही. मुलाला पहिला मोकळा अनुभव मोठ्यांच्या नजरेबाहेर मिळावा, हा दार छोटं ठेवण्यामागचा विचार होता. पण मूल शेवटी घरीच जाणार. घरी पुन्हा "झाडं हिरवी असतात ना?" असंच ऐकायला मिळणार असेल, तर संग्रहालयातल्या तास-दोन तासांचा उपयोग काय?

त्यामुळे मोमानं पालकांनाही शिकवायला घेतलं. १९४९ मध्ये संग्रहालयानं 'पीपल्स आर्ट सेंटर' सुरू केलं. तिथे मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वर्ग होते. शाळेत न जाणारी लहान मुलं आणि त्यांचे पालक यांनी एकत्र यायचे वर्गही होते. असे वर्ग घेणाऱ्या जेन कूपर ब्लँड यांचं तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या कलेवरचं पुस्तक १९५७ मध्ये मोमानंच काढलं. त्याआधी १९५४ मध्ये डामिको आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'आर्ट फॉर द फॅमिली' हे पुस्तक लिहिलं होतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून काय काय करता येईल, याबद्दलचं.

एवढंच नाही. १९५२-५३ मध्ये एनबीसी वाहिनीवर 'थ्रू द एन्चँटेड गेट' नावाची मालिका आली. स्टुडिओतली मुलं जे करतायत ते बघून घरातल्या मुलांनीही स्वतःचं काहीतरी करावं, अशी तिची कल्पना होती. आज यूट्यूबवर क्राफ्टचे व्हिडिओ लावून बसणाऱ्या घरांना हे नवं वाटणार नाही. फक्त त्या मालिकेत 'आता माझ्यासारखंच करा' हा भाग नव्हता.

म्हणजे मोमाच्या कामात पालकांची दोन रूपं दिसतात. कार्निव्हलमध्ये बाहेर थांबलेले आणि कौटुंबिक वर्गात मुलाशेजारी स्वतःचं काम करत बसलेले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. मुलाच्या कागदाला पालकाचा हात लागत नाही.

भारताशी याचा काय संबंध?

कार्निव्हल न्यूयॉर्कपुरता राहिला नाही. १९५७ मध्ये तो इटलीतल्या मिलान आणि स्पेनमधल्या बार्सिलोना इथे गेला. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात तो होता.

आणि पुढे तो भारतातही आला. १९६२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी भारत दौऱ्यावर आल्या होत्या. दिल्लीच्या राष्ट्रीय बाल संग्रहालयासाठी हा कार्निव्हल त्यांनी इंदिरा गांधी यांच्याकडे भेट म्हणून सुपूर्द केला. त्यानंतर तो देशातल्या इतर शहरांतही फिरला. इथल्या शिक्षकांना ही पद्धत शिकवण्यासाठी डामिको स्वतः भारतात आले होते.

ते दिवस शीतयुद्धाचे होते. अमेरिकेला आपली 'मोकळ्या विचारांचा देश' ही प्रतिमा जगभर न्यायची होती. त्यामुळे मुलांचा हा उत्सव राजकारणापासून अगदी अलिप्त होता असं म्हणता येत नाही. पण खेळण्यांशी खेळून रंगांच्या टेबलाकडे धावणाऱ्या दिल्लीतल्या मुलांना त्याच्याशी काय देणंघेणं असणार?

कलरिंग बुकला एवढा विरोध कशासाठी?

डामिकोंचा तीन गोष्टींना ठाम विरोध होता. छापील आकृतीत रंग भरायची पुस्तकं, नमुना बघून नक्कल करायला लावणं आणि मुलांच्या चित्रकला स्पर्धा.

पहिल्या दोन गोष्टींमागचं कारण समजायला मुलं चित्र कसं काढायला शिकतात, हे बघावं लागेल. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकानं १९४७ मध्ये याची मांडणी केली आणि ती आजही कलाशिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. वयाचे आकडे सगळ्या मुलांना तंतोतंत लागू होत नाहीत. पण ढोबळमानानं टप्पे असे आहेत.

- दोन ते चार वर्षं : रेघोट्या. आधी नुसता हात फिरवायचा आनंद, मग हळूहळू हातावर ताबा. याच टप्प्याच्या शेवटी मूल गिरगिट्याला नाव द्यायला लागतं. "हा बाबा."
- चार ते सात वर्षं : माणूस म्हणजे एक गोल आणि त्यातून निघालेले दोन पाय. हात कधी कानाजवळून निघतात. रंग वस्तूशी जुळतीलच असं नाही. आवडला म्हणून जांभळा.
- सात ते नऊ वर्षं : कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि वर आकाशाची पट्टी. घराच्या भिंतीतून आतली माणसं, पंखा, टीव्ही सगळं दिसतं. मुलाला जे माहीत आहे ते ते काढतं, जे दिसतं ते नाही.
- नऊ वर्षांनंतर : चित्र खऱ्यासारखं दिसावं, असं मुलाला स्वतःलाच वाटायला लागतं. "मला चित्र येत नाही" हे वाक्य याच वयात ऐकू येतं आणि अनेक मुलं इथेच चित्र काढणं सोडतात.

आता पाच वर्षांच्या मुलासमोर हत्तीची सुबक छापील आकृती ठेवली तर काय होईल? मूल त्यात रंग भरेल, रेघेबाहेर जाणार नाही, शाबासकीही मिळवेल. पण त्याच्या लक्षात येईल की 'खरा' हत्ती असा असतो आणि आपल्याला तो काढता येत नाही. पुढच्या वेळी ते म्हणेल, "आई, तूच काढून दे, मी रंगवतो."

छापील चित्र रंगवल्यानं मुलाचं कायमचं नुकसान होतं, असं नाही. हात स्थिर व्हायला, वेळ घालवायला त्याचा उपयोग होतो. मूल चित्र म्हणून फक्त तेच करत असेल तर मात्र विचार करायला हवा.

आणि स्पर्धा? बक्षीस मिळालं तर मूल खूश होतं ना?

होतं. पण त्याची दुसरी बाजू दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात होती. सगळी अशी, की ज्यांना चित्र काढायला मुळातच आवडायचं.

त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच न सांगता नंतर अचानक प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेन ठेवली आणि कोण आपणहून चित्र काढायला बसतं ते पाहिलं.

ज्यांना आधी बक्षिसाचं आश्वासन मिळालं होतं, त्यांनी बाकीच्या दोन गटांच्या साधारण निम्माच वेळ चित्रासाठी दिला. आवडीची गोष्ट त्यांच्यासाठी बक्षिसाचं काम होऊन बसली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही.

महाराष्ट्रात हा मुद्दा जवळचा आहे. इथे शाळकरी मुलाची चित्रकला बहुतेक वेळा दोन वाटांनी जाते. एक म्हणजे स्पर्धा. गणेशोत्सवात, सोसायटीत, शाळेत, वर्तमानपत्राच्या वर्धापनदिनाला. आणि दुसरी वाट एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. शेवटी ए, बी किंवा सी श्रेणी. दहावीला तिचे वाढीव गुणही मिळतात.

या परीक्षांनी हजारो मुलांचा हात वळणदार केला आहे आणि कलाशाखेकडे जाणाऱ्या अनेकांची ती पहिली पायरी ठरली आहे. त्या वाईट आहेत, असा याचा अर्थ नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्यात कुणी श्रेणी देणार नाही, अशी तिसरी जागा मुलाला मिळते का? संग्रहालयातला वर्ग ही अशी जागा होऊ शकते.

पण त्यासाठी संग्रहालयच कशाला हवं?

कारण तिथे वस्तू आहेत. संग्रहालयातली चांगली कार्यशाळा टेबलापासून सुरू होत नाही, दालनापासून सुरू होते.

समजा, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दहा मुलं गेली आहेत. तिथला अडकित्त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण घडवणाऱ्यानं त्याला पक्ष्याचा, प्राण्याचा, माणसांचा आकार दिलेला. मुलांना पूर्ण संग्रहालय दाखवायचं नाही. एकाच अडकित्त्यासमोर दहा मिनिटं बसायचं. "हे काय असेल? उघडल्यावर कुठला भाग हलत असेल? सुपारी कुठे ठेवायची? मग पक्ष्याची चोचच का केली असेल?"

त्यानंतर टेबलावर यायचं. पुठ्ठा, कातरी आणि दोन भाग जोडायला एक स्प्लिट पिन. घरातली कुठलीही रोजची वस्तू घ्या आणि तिला जिवंत करा. कुणी चिमट्याची मगर करेल, कुणी किसणीचं कासव.

इथे 'अडकित्त्याचं चित्र काढा' असं सांगितलेलं नाही. त्या कारागिरानं जो विचार केला, तोच विचार मुलानं आपल्या वस्तूबाबत केला. पुन्हा कधी ते मूल त्या दालनात गेलं, तर काचेपलीकडची वस्तू त्याला ओळखीची वाटेल. रस्त्यावरच्या क्लासमध्ये उत्तम शिक्षक असू शकतो, पण ही वस्तू नसते.

याचा खरंच उपयोग होतो का?

'कलेनं मुलाचा मेंदू तल्लख होतो', 'गणित सुधारतं' असे दावे जाहिरातींत सर्रास दिसतात. त्याकडे जरा जपूनच बघायला हवं. पण संग्रहालयाच्या भेटीचा परिणाम मोजणारा एक मोठा अभ्यास उपलब्ध आहे.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये 'क्रिस्टल ब्रिजेस' हे कला संग्रहालय सुरू झालं. शाळांच्या सहलींसाठी इतकी मागणी आली की सगळ्यांना लगेच नेणं शक्य नव्हतं. मग चिठ्ठ्या टाकून नंबर लावले गेले. संशोधकांना आयतीच संधी मिळाली. आधी गेलेल्या आणि अजून न गेलेल्या मुलांची तुलना करता आली. १२३ शाळांमधल्या १० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये समोर आला.

काही आठवड्यांनी मुलांना एक अनोळखी चित्र दाखवून त्याबद्दल लिहायला सांगितलं. जी मुलं संग्रहालयात जाऊन आली होती, त्यांनी चित्रातले बारकावे जास्त टिपले आणि आपलं म्हणणं चित्रातल्या पुराव्यानिशी मांडलं. फरक एकूण फार मोठा नव्हता, पण ग्रामीण आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांमध्ये तो जास्त दिसला.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा अभ्यास चर्चा करत संग्रहालय बघण्याचा होता, रंगकामाच्या वर्गाचा नाही. त्यातून एवढं मात्र कळतं की चित्रासमोर थांबून, बोलून बघितलं की मुलांची नजर बदलते. आणि ज्यांना ही संधी एरवी मिळत नाही, त्यांना तिचा फायदा सर्वाधिक होतो.

टीका काय होते?

पहिली टीका याच शेवटच्या मुद्द्यावरून. संग्रहालयात मुलाला घेऊन कोण येतं? ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि 'ही जागा आपली आहे' हा विश्वास असतो ते. न्यूयॉर्कच्या मध्यभागी असलेल्या मोमाच्या बाबतीतही तेच होतं. १९६९ मध्ये हा कार्निव्हल शहरातल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत नेण्यात आला. चित्रकार बेटी ब्लेटन यांनी तो अनेक वर्षं चालवला आणि पुढे ती स्वतंत्र संस्था झाली. मुलं संग्रहालयापर्यंत येत नसतील, तर संग्रहालयानं मुलांपर्यंत जायचं.

मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस याच विचारानं धावते. २०१५ पासून ती प्रदर्शन घेऊन शाळांपर्यंत आणि मुंबईबाहेरच्या गावांपर्यंत जाते.

दुसरी टीका पद्धतीवर. मुलाला नुसतं मोकळं सोडलं तर त्याला शिकवायचं कधी? १९८० च्या दशकात अमेरिकेतच याविरोधात सूर उमटला. कलेचा इतिहास, कलाकृती वाचायची रीत आणि तंत्रही मुलांना शिस्तीत शिकवायला हवं, असा आग्रह गेटी संस्थेच्या पुढाकारानं धरला गेला. या म्हणण्यात तथ्य आहे. नऊ-दहा वर्षांच्या ज्या मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं यायला हवंय, त्याला "तुला हवं ते काढ" म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. त्याला छाया-प्रकाश, अंतर, प्रमाण शिकायचं असतं.

त्यामुळे आजच्या चांगल्या कार्यशाळा दोन्हीचा मेळ घालतात. लहानग्यांना साहित्याशी खेळू देतात आणि मोठ्या मुलांना मागतील ते तंत्र दाखवतात.

आज कुठे काय चाललंय?

न्यूयॉर्कच्या 'मेट' संग्रहालयानं २०२३ मध्ये '८१ स्ट्रीट स्टुडिओ' ही मुलांसाठीची जागा सुरू केली. तिथे प्रवेश मोफत आहे आणि लाकूड, धातू, कापड अशा वस्तू हाताळत मुलं खेळतात.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये बाल संग्रहालय उभं राहिलं. आवारातल्या जुन्या गोरखचिंचेच्या झाडाला धरूनच त्याची रचना केली आहे. तिथे आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुलांसाठी कार्यशाळा होत आल्या आहेत. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवातही मुलांचा स्वतंत्र विभाग असतो. वेळापत्रक, वयोगट आणि शुल्क बदलत असतं, त्यामुळे निघण्याआधी संग्रहालयाच्या अधिकृत पानावर खात्री करून घेतलेली बरी.

कार्यशाळा निवडताना काय बघाल?

- आधीच्या कार्यशाळेचे फोटो बघा. वीस मुलांच्या हातात वीस सारखीच घुबडं दिसत असतील, तर तिथे सूचना पाळायला शिकवलं गेलंय. प्रत्येक घुबड वेगळं असेल, तर मुलांनी ठरवलंय.
- दालनात नेतात का, विचारा. न नेता थेट टेबलावर बसवणार असतील, तर तोच वर्ग घराजवळही मिळू शकतो.
- वयोगट बघा. पाच वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल एकाच सूचनेवर काम करत असेल, तर एक कंटाळतं आणि दुसरं रडकुंडीला येतं.
- शिक्षक मुलाच्या कामाला हात लावतात का? दुरुस्ती करून दाखवायची असेल तर ती वेगळ्या कागदावर, हा साधा नियम चांगले शिक्षक पाळतात.
- कौटुंबिक वर्ग असेल तर स्वतःसाठी वेगळा कागद घ्या. मोबाइल खिशात ठेवा आणि स्वतःचं चित्र काढा. आईचंही चित्र वाकडं येतं, हे बघून मुलाला जेवढा धीर मिळतो तेवढा शाबासकीनं मिळत नाही.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे गणपतीच्या आधी ठिकठिकाणी होणाऱ्या शाडू मातीच्या कार्यशाळा. काही ठिकाणी साचा देतात. मूर्ती सुबक होते, सगळ्यांची सारखी होते. काही ठिकाणी नुसता मातीचा गोळा देतात. सोंड तुटते, पुन्हा जोडावी लागते, एक कान मोठा होतो. घरी आणलेला तो गणपती कुणी घडवला, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर काय बोलायचं?

"हे काय आहे?" असं विचारलं की मुलाला वाटतं, आपलं चित्र ओळखता आलं नाही. "किती सुंदर!" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी जे दिसतंय ते म्हणा. "इथे तू खूप जोरात रेघ ओढलीस." "हा रंग तीन ठिकाणी आलाय." नाहीतर एवढंच, "मला सांग ना याच्याबद्दल."

चित्रावर नाव आणि तारीख घाला, जमल्यास मूल काय म्हणालं तेही पाठीमागे एका ओळीत लिहून ठेवा. वर्षभरानं ती चित्रं ओळीनं मांडली की रेघोट्यांपासून गोलापर्यंत आणि गोलापासून माणसापर्यंतचा प्रवास डोळ्यांसमोर येतो. कुठल्याही श्रेणीपेक्षा तो जास्त सांगून जातो.

आणि झाड जांभळं आलंच, तर राहू द्या. विचारायचंच असेल, तर त्या झाडावर कोण राहतं ते विचारा.